शेणैमामाची शाळा: अडीच तास १९३८ सालात

फोंडा तालुक्यात, म्हार्दोळ सोडून आत वळल्यावर लागणाऱ्या एका गावात, चिऱ्यांच्या जुन्या घराच्या सोप्यावर (ओसरीवर) दर रविवारी सकाळी साडेआठला शाळा भरते. साल १९३८, शके १८६०. मास्तर खरेच मास्तर आहेत, हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेले. विद्यार्थी म्हणजे माणशी ६०० रुपये मोजून आलेले पाहुणे, एका वेळी जास्तीत जास्त १२. गोव्यात वारसा दाखवणारे कार्यक्रम आता पुष्कळ झाले आहेत. कुणी जुन्या गोव्यातल्या चर्चांभोवती फिरवतो, कुणी पणजीच्या मळा या जुन्या वस्तीत रंगीत भिंतींपुढे उभे करून फोटो काढायला लावतो. बहुतेक ‘बघा आणि ऐका’ या जातीचे. इथे बघायला जवळजवळ काहीच नाही. एक सोपा, खाली हांतऱ्या (चटया), कोनाड्यात समई, भिंतीला टेकवलेल्या पाट्या. जे आहे ते हाताने करायचे आहे आणि त्यातले निम्मे पहिल्या खेपेला फसते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी शेणैमामाची ओळख. सरकारी मराठी शाळा गोव्यात गावोगावी पोचल्या त्या १९६१ च्या मुक्तीनंतर. त्याआधी गावातला एखादा जाणता शेणवी स्वतःच्या नाहीतर यजमानाच्या सोप्यावर, कुठे देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या जागेत) पोरे जमवी आणि त्यांना मराठी वाचन, मोडी लेखन आणि तोंडी हिशेब शिकवी. मोबदला थोडा रोख, बाकी भात आणि नारळ. पोरे त्याला मामा म्हणत. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि सरकारी कागदावर पोर्तुगीज, असा तिहेरी संसार होता. फोंड्याकडे तो जास्त टिकला याला कारण आहे. तिसवाडी, बारदेस, साष्टी या जुन्या काबिजादी (आधी जिंकलेले प्रदेश) सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेल्या, फोंडा त्यांच्या हाती लागला १७६३ मध्ये. मंगेश कुशस्थळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून इकडे आली ती याच आडोशाला, आणि देवळांच्या आसऱ्याने पुराण, कीर्तन, हिशेब हे सगळे मराठीतून चालत राहिले. मास्तरांनी जागा निवडली आहे ती विचार करून. हीच शाळा कळंगुटच्या समुद्राकाठी मांडली असती तर तमाशा झाला असता.

पद्धत सोपी आहे. डोक्यावर काळी टोपी असेपर्यंत ते मामा. टोपी काढून खुंटीला अडकवली की निवृत्त शिक्षक, आजच्या काळातले, काहीही विचारा. जिवंत इतिहासाच्या धंद्यात हे दोन प्रकार वेगळे धरतात, भूमिकेत राहून बोलणे आणि भूमिकेबाहेर उभे राहून समजावणे. स्टॉकहोममध्ये १८९१ साली स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू झाले तेव्हापासून हा पेच आहे, की पाहुण्याला त्या काळात किती बुडवायचे आणि बाहेर कधी काढायचे. टोपीची खूण हा त्यावरचा स्वस्त आणि नेमका तोडगा. कुणी ‘सर’ म्हणून हाक मारली तर टोपीतले मामा ऐकत नाहीत. ‘मामा’ म्हटले की लगेच वळतात. लहान मुलांना हे दोन मिनिटांत कळते. मोठ्यांना, विशेषतः त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांना, शेवटपर्यंत जमत नाही.

सुरुवात धूळपाटीने. फळी साधारण दीड फूट बाय एक फूट, कडेला बोटभर उंचीची पट्टी, आत चिऱ्याची लाल भुकटी. भुकटी पिठाच्या चाळणीने चाळलेली असते. थर दोन-तीन दाण्यांपेक्षा जाड नको. जाड झाला की बोटाची रेघ कडेने ढासळते आणि अक्षर बुजते, पातळ झाला की फळी दिसते आणि बोट अडते. पहिला धडा ‘ओनामा’, मग अ. मामा काही सांगत नाहीत, पाहुण्याचे बोट धरून एकदा गिरवतात आणि पुढच्याकडे जातात. अक्षर चुकले तर फळीच्या बुडाला हलकी टिचकी मारली की थर सपाट होतो, पुन्हा गिरवा. खोडरबर नाही की चूक उरलेली दिसत नाही, आणि प्रौढ माणसेसुद्धा इथे संकोच सोडून लिहू लागतात. ही पहिली पंधरा-वीस मिनिटे कार्यक्रमातली सर्वांत चांगली. कारण उघड आहे. मास्तर या वेळात बोलत नाहीत.

पावसाळ्यात हीच धूळपाटी दगा देते. आषाढात गोव्याच्या हवेत भुकटी ओल धरते आणि तिचे खडे होतात. मास्तर आदल्या रात्री ती चुलीच्या उबेला ठेवतात आणि सकाळी पुन्हा चाळतात. तरी दुसऱ्या तासाला ती चिकटू लागतेच. जून ते सप्टेंबर जाणार असाल तर हा भाग अर्धवट होईल हे धरून जा. त्या दिवसांत ते दगडी पाटी लवकर काढतात. पाटी चांगली आहे, लाकडी चौकटीची, आणि पुसायला ओल्या फडक्याचा बोळा दिलेला असतो. थुंकी लावून पुसायला मनाई आहे, तीही मामांच्या आवाजात, खऱ्या धाकाने.

मग बोरू, म्हणजे काडी कापून केलेली लेखणी. इथे वेळ सढळ दिला आहे आणि तो द्यायलाच हवा, कारण मोडी वाचणारे आज थोडे तरी भेटतात, बोरू कापणारे जवळजवळ भेटत नाहीत. प्रत्येकाला वीतभर लांबीचा, करंगळीएवढ्या जाडीचा, पूर्ण वाळलेला बोरू मिळतो. पहिला काप लांब आणि तिरपा, साधारण दोन सेंटिमीटरचा, एका दमात. सुरी पुढे ढकलायची नाही, बोरू मागे ओढायचा. आतला मऊ गर खरवडून काढायचा, नाहीतर तो शाई पितो आणि टोक फुगते. मग दोन्ही बाजूंनी खांदे पाडून टोक अरुंद करायचे. त्यानंतर मधली चीर, जेमतेम एक सेंटिमीटर. बहुतेकांचा बोरू इथेच जातो. सुरी जरा जोराने दाबली की चीर दांड्यात वर पळते आणि बोरू दुभंगतो. मास्तर चिरेच्या वरच्या टोकाशी अंगठ्याचे नख घट्ट दाबून धरायला शिकवतात, म्हणजे फाटणे तिथेच थांबते. शेवटी टोक कठीण फळीवर ठेवून सुरीचा एकच दाब द्यायचा, किंचित तिरका. करवतीसारखी सुरी चालवली तर टोकाला तुसे राहतात आणि अक्षराच्या कडा केसाळ येतात. मोडीसाठी टोक साधारण एक मिलिमीटर. बाळबोध (देवनागरी) अक्षरासाठी दोन-तीन, तेव्हाच जाड-बारीक रेषा उठून दिसते.

सुऱ्या मात्र वाईट आहेत. पाती बोथट, मुठी सैल. बोथट सुरीला जोर लागतो, जोर लावला की सुरी घसरते, आणि हा साधा हिशेब शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावा लागू नये. दहा वर्षांखालच्या मुलांना मास्तर तयार बोरू देतात, ते बरे करतात. मोठ्यांसाठी सहा चांगल्या सुऱ्या आणि एक घासायचा दगड घ्यायला फार खर्च येत नाही.

शाई दोन प्रकारची. पहिली काजळाची. समईवर पालथ्या धरलेल्या वाटीत जमलेले काजळ आणि बाभळीचा डिंक. काजळ पाण्यावर तरंगते, मिसळत नाही, म्हणून आधी डिंकाचे दाट पाणी करून त्याचे चार-चार थेंब घालत खलात घोटायचे आणि लेप एकजीव झाल्यावरच पाणी वाढवायचे. घाईने सगळे पाणी एकदम ओतणाऱ्याच्या वाटीत काळी साय तरंगते आणि खाली पिवळट पाणी राहते. प्रत्येक गटात असा एक तरी निघतो. डिंक कमी पडला तर वाळलेले अक्षर बोटाला लागते, जास्त झाला तर चकाकते आणि घडी पडली की तडकते. दुसरी शाई हिरडा आणि हिराकसाची (हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार). हिरड्याची भरड रात्रभर भिजवून, उकळून, गाळून मास्तर काढा आधीच तयार ठेवतात. समोर फक्त हिराकस घालतात. मापाने हिरडा तीन भाग, हिराकस एक भाग. लिहिताना ही शाई फिकी दिसते आणि हवा लागली की काळवंडत जाते. पाहुणे फिके अक्षर पाहून त्यावर पुन्हा गिरवतात, मग दहा मिनिटांनी अक्षराऐवजी डाग उरतो. हिराकस जास्त पडले तर शाई आंबट होते आणि वर्षांनी कागद खाते. जुन्या दप्तरांत अक्षरांच्या जागी भोके दिसतात ती याच पायी. मास्तर टोपी काढून तसा एक कागद दाखवतात, काचेखाली ठेवलेला, आणि कार्यक्रमातले सर्वांत चांगले स्पष्टीकरण तेच. हिराकसाची भुकटी ते स्वतःच हाताळतात, मुलांच्या हाती देत नाहीत. दौतीत एक लवंग टाकलेली असते, बुरशी धरू नये म्हणून. पांढरे कपडे घालून जाऊ नका. हा डाग निघत नाही.

कागदाबद्दल एक तक्रार आहे. मास्तर हातकागद देतात, दिसायला छान, पण त्याला खळ लावलेली नाही. बोरूची शाई त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. जुने कारकून कागदाला भाताच्या पेजेची खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने नाहीतर शंखाने घोटत. घोटलेल्या कागदावर शाई वर राहते आणि चुकीचे अक्षर ओल्या बोटाने पुसताही येते. हे मास्तर सांगतात, पण करत नाहीत. घरात पेज शिजतेच आहे. दोन ताव आदल्या दिवशी खळ देऊन ठेवले आणि पाहुण्यांना एक साधा, एक घोटलेला कागद दिला, तर वीस मिनिटांचे बोलणे वाचेल.

मोडीचा तास चाळीस मिनिटांचा आहे आणि त्यात मोडी येत नाही, येणारही नाही. मास्तर तसा दावाही करत नाहीत, हे चांगले. त्यांचा बेत एवढाच की मोडी अशी का दिसते ते हाताला कळावे. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या, शब्द नाही की अक्षर नाही, नुसत्या शिरोरेषा. मग त्या रेघांना अक्षरे खालून टांगत जायचे, बोरू शक्यतो न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची पंचाईत नाही. वेलांटी बहुधा दीर्घ, उकार बहुधा ऱ्हस्व. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात हयात घालवलेला माणूस हे सांगताना जो आनंद लपवतो तो बघण्यासारखा. एकेक जण आपले नाव आणि ‘रा. रा.’ (राजमान्य राजश्री) एवढे लिहून उठतो. गावकारीच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या कारभाराच्या) आणि देवस्थानच्या जुन्या कागदांत गोव्यात मोडी आहे, तशी गोयकानडी ही जुनी लिपीही आहे, आणि पणजीच्या पुराभिलेखाची परंपरा १५९५ पासूनची. या गोष्टी टोपी काढून पाच मिनिटांत येतात आणि तेवढ्याच याव्यात.

हिशेबाचा भाग वेगळ्याच तोडीचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, अपूर्णांकांचे हे सात पाढे. औट म्हणजे साडेतीन. मास्तर ते सगळे घोकून घेत नाहीत, एकच व्यवहार मांडतात आणि लागेल तो पाढा तिथेच काढतात. टोपलीत भात, शेजारी पायली, म्हणजे धान्य मोजायचे माप. भाव पायलीला तीन टंगा. घ्यायची साडेतीन पायली. औट त्रिक साडेदहा. झाले, साडेदहा टंगा. पण सुट्टे कसे द्यायचे? गोव्याच्या रुपियाचे १६ टंगा आणि एका टंग्याचे ६० रेइश, म्हणजे दहा टंगा आणि ३० रेइश. दुकानदार एक रुपिया घेऊन परत काय देईल? पाच टंगा, ३० रेइश. मोबाइल बाहेर ठेवलेले असतात, आणि बारा माणसांत हे उत्तर आधी बहुधा सत्तरीतल्या आजी देतात.

त्यानंतर १९३४ चे चार टंग्यांचे नाणे हातोहात फिरते. चार टंगा म्हणजे पाव रुपिया, आणि हिशेबात पाव म्हणजे एक उभा दंड. दोन दंड म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १०॥ असे लिहिले की साडेदहा. आपण श्लोकाच्या ओळीअखेर जो दंड ओळखतो तो एके काळी पैसा मोजत होता, हे पाटीवर स्वतःच्या हाताने लिहिल्यावर जसे बसते तसे सांगून बसत नाही. काळाचे भानही इथे नेमके आहे. गोव्यात १९३८ दाखवायचे आणि सगळा हिशेब आण्यांत करायचा, ही चूक बाहेरून आलेल्या कार्यक्रमांत हटकून होते. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुपिया जाऊन एश्कुद आला, एका रुपियाला ६ एश्कुद. मास्तर ते सांगत नाहीत. मामांना १९३८ मध्ये ते ठाऊक असायचे कारण नाही, आणि टोपी काढून सांगण्याचा मोह त्यांनी इथे आवरला आहे.

सगळीकडे मात्र तो आवरत नाही. या कार्यक्रमातले बहुतेक दोष त्याच्या गुणाच्याच पोटचे आहेत. निवृत्त शिक्षकाकडे आवाज असतो, पोरे सांभाळण्याची हातोटी असते, तोच धडा तिसाव्या वेळी ताजा करून मांडायची सवय असते. नाटकमंडळीतला नट यातले एकही फुकटात आणू शकत नाही. पण त्याच माणसाला तास, घंटा आणि पाठ्यक्रम अंगवळणी पडलेले असतात, आणि शेणैमामाच्या शाळेत यांतले काहीच नव्हते. तिथे लहान-मोठी पोरे एकत्र बसत. एक धुळीत अक्षर गिरवतो आहे, दुसरा औटकी म्हणतो आहे, तिसरा मोडी पत्र वाचतो आहे. मोठा पोरगा लहानाला शिकवी आणि मामा अधूनमधून कान देत. मास्तरांनी मात्र सगळ्यांना एका वेळी एकच गोष्ट करायला लावली आहे. म्हणजे धोतर नेसलेला आजचाच वर्ग. त्यात दर दहा मिनिटांनी ‘कळले ना सगळ्यांना?’ येते, आणि एकदा तर मामांनी, टोपी डोक्यावर असताना, ‘पोर्तुगीज गोव्यात कधी आले, कोण सांगेल?’ असे विचारले. बारा तोंडांतून १५१० निघाले. परीक्षा झाली, १९३८ निसटले.

उपाय अवघड नाही. पाहुण्यांचे तीन गट करावेत, धूळपाटी, बोरू आणि हिशेब, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांची अदलाबदल करावी. पहिल्या गटाने दुसऱ्याला शिकवावे. मग मास्तरांना बोलायला वेळच उरणार नाही आणि सोप्यावर खरा गलबला होईल. जुन्या शाळेची आठवण सांगणारे लोक आवाजाबद्दल आधी बोलतात, अक्षराबद्दल नंतर.

शिक्षेचा प्रसंग आहे, आणि तो नीट हाताळला आहे. छडी कोनाड्यात दिसते, ती कधीच उचलली जात नाही. एका मोठ्या पाहुण्याला, आधी विचारून, अंगठे धरून उभे करतात. मुलांना नाही. अर्धा मिनिट झाल्यावर टोपी निघते आणि मास्तर पाहुण्यांनाच विचारतात की हे किती वेळ चालत असेल. त्याच वेळी या शाळेत कोण नव्हते तेही सांगतात. मुली क्वचित, आणि देवळाच्या आवारात ज्यांना पाऊल ठेवता येत नव्हते त्यांची मुले सोप्यावर बसणे शक्यच नव्हते. बोलणे स्पष्ट आहे, गुळमुळीत नाही. पण ते शेवटी, पेजेच्या आधी, उठता उठता येते. याची जागा अगदी सुरुवातीला, हांतरीवर बसतानाच हवी. बारा जण आरामात बसले आहेत आणि त्यातल्या किती जणांना १९३८ मध्ये अंगणाबाहेर उभे राहावे लागले असते, हा प्रश्न बसतानाच टोचला पाहिजे.

मधला रेजेदोराचा प्रसंग वगळला तरी चालेल. मास्तरांचा एक शेजारी कोट-हॅट घालून गावचा रेजेदोर (पोर्तुगीज सरकारचा गावातला अधिकारी) म्हणून येतो, पोर्तुगिजात दोन वाक्ये बोलतो, पोरांची नावे विचारतो आणि जातो. वाक्ये पाठ केलेली आहेत आणि प्रश्न विचारला की तो अडखळतो. भूमिकेत राहणाऱ्याला ठरलेल्या वाक्यांपलीकडे निदान अर्धा तास बोलता आले पाहिजे, नाहीतर तो पुतळा होतो. पुतळ्याची हॅटही काळाशी जुळत नाही.

वस्तूंच्या बाबतीत एरवी काळजी दिसते. पाणी तांब्याच्या कळशीत आणि पितळी पेल्यात, स्टेनलेस कुठे नाही. फळा-खडू नाही, बाक नाही. छपराला मंगळुरी कौले आहेत, तीही त्या काळाला चालतात. खटकल्या त्या तीन गोष्टी: मामांच्या मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा (घड्याळ काढले, खूण राहिली, त्याला इलाज नाही), दाराशी प्लॅस्टिकचे पायपुसणे, आणि सोप्याच्या टोकाला चालू असलेला इन्व्हर्टरचा दिवा. शेवटच्या दोघांना इलाज आहे.

पावणेअकराला पेज. उकड्या तांदळाची, वाफाळती, बरोबर लोणचे आणि भाजलेला पापड, करवंटीच्या डवल्याने वाढलेली. गोव्यात पेजेची वेळ हीच, त्यामुळे हा फक्त पाहुणचार नाही. शाळा सुटायची खूण आहे. पेज पैशांत धरलेली आहे. लोणच्याचा तिखटपणा लहान मुलांना झेपत नाही, आधी सांगितले तर गुळाचा खडा मिळतो.

जाण्याआधी काही गोष्टी. मुलाला अक्षरओळख हवी, म्हणजे सात वर्षांखालचे मूल नेऊ नये, धुळीनंतर त्याला करायला काही उरत नाही. मुलांना निम्मे पैसे. जमीन शेणाने सारवलेली आहे आणि अडीच तास मांडी घालून बसायचे आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी भिंतीलगत तीन-चार पाट आणि एक खुर्ची आहे, पण खुर्ची एकच. फोन करतानाच सांगून ठेवा. सहापेक्षा कमी नावे आली तर त्या रविवारचा कार्यक्रम होत नाही आणि हे शनिवारी संध्याकाळी उशिरा कळते. दक्षिण गोव्यातून किंवा सावंतवाडीकडून येणाऱ्यांची यात फार पंचाईत होते. शुक्रवारपर्यंत कळवायला काय हरकत आहे? गाडी देवळाच्या मैदानाशी ठेवून पाच मिनिटे चालावे लागते. जत्रेच्या दिवसांत तिथे जागा नसते. भाषा मराठी, मध्ये-मध्ये कोकणी. गटात मराठी न समजणारा कुणी असला तर मास्तर इंग्रजीत वळतात आणि तिथे त्यांचा जीव निम्मा होतो. ‘औट’चे इंग्रजीत काय करणार? मराठी-कोकणी जाणणारा गट मागून घ्यावा.

हे पाहून ज्या निवृत्त शिक्षकांच्या मनात असेच काही करावे असे येईल, आणि येते, त्यांनी या मास्तरांचे एक उचलावे. त्यांनी एक जागा, एक साल आणि एक काम धरले आहे. ‘गोव्याचा इतिहास’ धरला असता तर सगळे पातळ झाले असते. साल ठरले की नाणे ठरते, कागद ठरतो, कौल ठरते, शिव्यासुद्धा ठरतात. तयारी वर्षभराची धरा. त्यातले सहा महिने हाताने वस्तू करून बघण्याचे, कारण चीर पळालेला बोरू पाहुण्याने पुढे केला तर पुस्तकातले उत्तर उपयोगी पडत नाही. स्वतःच्या घरात कार्यक्रम करणे आणि लोकांना स्मारकांत हिंडवणे यात फरक आहे. मार्गदर्शक म्हणून फिरायचे तर गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, आणि जुन्या गोव्यातल्या संरक्षित वास्तूंत भूमिका वगैरे करायच्या तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी. मदतीला एक माणूस पाहिजेच, पण नट नको. शाई वाढणारा, पाट्या पुसणारा, बोथट सुरी घासून आणणारा हवा. आणि आपला शिकवण्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. ‘कळले ना?’ किती वेळा येते ते मोजा.

कापलेला बोरू पाहुण्याला घरी नेता येतो. साध्या पाण्याने धुऊन, पुसून, टोक वर करून पेल्यात उभा ठेवा. चिरेत शाई वाळली तर सुईने खणू नका, चीर रुंदावते. रात्रभर पाण्यात टोक बुडवून ठेवले की मोकळी होते. टोक झिजले की अर्धा मिलिमीटर कापायचे, पुन्हा एका दाबात, आणि चांगल्या सुरीने.